धनादेश, शाई आणि हरताळ

दिलेला शब्द कोणी पाळला नाही, की ‘त्याने आपल्या वचनाला हरताळ फासला’ असे आपण म्हणतो. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळे संयुग. पोथी लिहिताना अक्षर चुकले, तर लेखनिक त्यावर हरताळाचा लेप देई आणि त्या पिवळ्या थरावर नवे अक्षर लिही. पोथीत ही सोय होती. कर्जरोख्यात किंवा सनदेत मात्र तीच धोक्याची. लिहिलेला आकडा कोणाला बदलता येऊ नये, ही गरज आजच्या धनादेशापर्यंत तशीच चालत आली आहे. तिचा इतिहास हा बराचसा शाईच्या रसायनशास्त्राचा इतिहास आहे.

काजळाची शाई

छत्रपती संभाजीनगरजवळ (पूर्वीचे औरंगाबाद) दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा हे गाव आहे. मुहंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा कागद करणारे कारागीर इकडे आले, असे तेथे परंपरेने सांगतात. हातकागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटत. अशा घोटीव कागदावर बोरू सरसर चाले आणि शाई फुटत नसे.

ही शाई काजळ, डिंक आणि पाणी यांची. काजळ म्हणजे कार्बनचे सूक्ष्म कण. नेहमीच्या तापमानाला आम्ल, अल्कली वा विरंजक यांपैकी कशाचाही कार्बनवर परिणाम होत नाही. त्यामुळे शेकडो वर्षांपूर्वीची मोडी कागदपत्रे आजही काळीभोर दिसतात. पण या शाईत एक उणीव होती. घोटीव कागदात ती मुरत नसे, पृष्ठभागावर डिंकाच्या आधाराने चिकटून राही. डिंक पाण्यात विरघळतो. म्हणजे रंग अविनाशी असला तरी अक्षर ओल्या फडक्याने पुसता येई किंवा खरवडता येई. म्हणूनच ‘कच्ची’ आणि ‘पक्की’ शाई असा भेद होता. पक्क्या शाईत लाख व टाकणखार घालत. वाळल्यावर लाखेचा थर पाण्याला दाद देत नाही.

कागदात मुरणारी शाई

युरोपात दुसरा मार्ग निघाला. मायफळ किंवा आपल्याकडील हिरडा यांत टॅनिन असते. त्यात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मिसळले की फिकट द्राव तयार होतो. लिहिल्यावर तो तंतूंत शिरतो, तेथे हवेतील ऑक्सिजनशी त्याची क्रिया होते आणि न विरघळणारे काळे संयुग बनते. अक्षर कागदाच्या आतच तयार होत असल्यामुळे ते पाण्याने निघत नाही आणि खरवडले तर कागद फाटतो. लिहिताना ही शाई फिकट दिसते, म्हणून तीत निळा रंग मिसळू लागले. जुन्या कचेऱ्यांतील ‘ब्लू-ब्लॅक’ शाई ती हीच.

पण 1785 साली बर्तोले याने क्लोरिनचा विरंजक गुण दाखवला आणि 1799 साली टेनंटने विरंजक चूर्णाचे पेटंट घेतले. कापड पांढरे करणाऱ्या रसायनांनी शाईचे डागही फिके पडत. काजळाला पाणी बाधत होते, तर हिराकसाच्या शाईला रसायने बाधू लागली. प्रत्येक शाईचा शत्रू वेगळा, हा धडा त्यातून मिळाला.

पुढे 1856 साली पर्किनने कृत्रिम रंग शोधला आणि स्वस्त, रंगीत शाईचा काळ आला. मुंबईत 1931 साली दि. प. दांडेकर यांनी ‘हॉर्स’ छापाची शाईची पूड आणि गोळ्या विकायला सुरुवात केली. पुढे ‘कॅमल’ शाई आणि कॅम्लिन कंपनी घरोघरी पोहोचली. शाळेसाठी धुता येणारी शाई सोयीची असते. धनादेशासाठी तिचा तोच गुण घातक ठरतो. बॉलपेनची शाई तेलकट असल्याने पाण्याने जात नाही, पण तिच्यातील बहुतेक रंग काही सेंद्रिय द्रावकांत विरघळतात.

कायदा काय म्हणतो?

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नाही. 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या 87 व्या कलमानुसार धनादेशात महत्त्वाचा फेरफार झाला, तर तो रद्द ठरतो. पण 89 वे कलम सांगते की फेरफार दिसत नसेल आणि बँकेने रीतसर पैसे दिले असतील, तर बँक जबाबदारीतून मुक्त होते. ‘बँक ऑफ महाराष्ट्र विरुद्ध ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंग कंपनी’ हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1990 च्या दशकाच्या आरंभीचा आहे. धनादेशातील फेरफार नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हता. बँकेने तो अतिनील दिव्याखाली तपासला नाही, हा हलगर्जीपणा होता का, असा प्रश्न होता. न्यायालयाने तसे मानले नाही. अशा वेळी नुकसान खातेदाराच्या पदरी पडू शकते. शाईची निवड ही त्याच्या हातातली गोष्ट आहे.

दुसरी बाजू कागदाची. रिझर्व्ह बँकेच्या ‘सीटीएस-2010’ मानकांनुसार धनादेशाचा कागद असा असतो की त्यावर आम्ल, अल्कली, विरंजक किंवा द्रावक पडले तर खूण उमटावी. अतिनील प्रकाशात हा कागद स्वतः चमकत नाही, त्यामुळे ढवळाढवळ उठून दिसते. मात्र आता धनादेश गावोगाव फिरत नाही, फिरते ती त्याची प्रतिमा. कागद प्रत्यक्ष हाताळून पाहण्याचे काम त्यामुळे धनादेश प्रथम स्वीकारणाऱ्या बँकेवर येते. याला जोड म्हणून 1 जानेवारी 2021 पासून मोठ्या रकमांसाठी ‘पॉझिटिव्ह पे’ पद्धत आली. तीत खातेदार तपशील आधीच बँकेला कळवतो.

वर्गात करून पाहा

टीपकागदाच्या दोन पट्ट्या घ्या. दोन्हींवर तळापासून दोन सेंटिमीटरवर शाईचे पेन, बॉलपेन आणि दोन-तीन प्रकारची जेल पेने यांचे ठिपके द्या. ठिपके वाळल्यावर एका पट्टीचे टोक पाण्यात आणि दुसरीचे स्पिरिटमध्ये बुडवा. (स्पिरिट ज्योतीपासून दूर ठेवा.) विरघळणारा रंग द्रवाबरोबर वर चढेल. ज्या ठिपक्यातील रंग घन कणांचा आहे, तो दोन्ही पट्ट्यांवर जागचा हलणार नाही. ‘पिगमेंट’ शाईचे जेल पेन हे जुन्या काजळाचेच वंशज. फरक इतकाच की यातले कण अतिसूक्ष्म असल्याने तंतूंच्या जाळीत अडकून बसतात. प्रत्येक जेल पेन असे नसते, म्हणून ही परीक्षा उपयोगी.

जे पेन दोन्ही पट्ट्यांवर टिकेल, त्याची गडद काळी किंवा निळी शाई धनादेशासाठी निवडावी. उष्णतेने रंग उडणारी, खोडता येणारी जेल पेने सुमारे 60 अंश सेल्सिअसला कोरी होतात. ती धनादेशाला कधीच वापरू नयेत. समोरच्याने पुढे केलेले पेनही घेऊ नये. रक्कम डावीकडून सुरू करून उरलेल्या जागेत रेघ ओढावी, कारण मोकळ्या जागेत भर घालायला रसायन लागतच नाही. तेथे कितीही पक्की शाई निरुपयोगी ठरते.