शिवनेरीच्या पायथ्याचा एक घरगुती कलह

जुन्नर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें शिवनेरी उभा राहतो, आणि तें योग्यच आहे. परंतु शिवजन्मापूर्वी वीस-बावीस वर्षें याच गांवीं निजामशाहीची राजधानी होती आणि त्या राज्याचा सूत्रधार एक हबशी होता, याचें स्मरण सहसा कोणी करीत नाहीं.

मलिक अंबर सुमारें १५४८ सालीं हबसाणांत जन्मला. लहानपणींच गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा बगदादच्या एका व्यापाऱ्यापाशीं विद्या शिकला व पुढें निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरीं आला. हा धनीही हबशीच, आणि एके काळीं गुलामच! तो वारल्यावर त्याच्या विधवेनें अंबरास मुक्त केलें. १६०० सालीं मोगलांनीं अहमदनगर घेतलें, तेव्हां अंबरानें मुर्तजा या राजपुत्रास गादीवर बसविलें, त्यास आपली मुलगी दिली आणि १६०७ च्या सुमारास राजधानी जुन्नरास आणिली.

पुढची हकीकत पीटर व्हान डेन ब्रूके या डच व्यापाऱ्यानें लिहून ठेविली आहे. हा १६१७ सालीं अंबरास भेटला होता. मुर्तजाची दुसरी राणी गौरवर्णी इराणी होती. एकदां सवतींचें भांडण जुंपलें आणि तिनें अंबराच्या मुलीस गुलामाची पोर म्हणून हिणविलें. बाप राज्याचा कर्ता होता, नवऱ्याची गादी बापाच्या तलवारीवर उभी होती. तरी रागाच्या भरांत ओठीं आला तो वंशाचाच शब्द. मुलीनें बापास कळविलें. अंबरानें राजा व राणी दोघांवर विषप्रयोग करविला, आणि १६१० सालीं बाल बुऱ्हाण गादीवर आला, असें तो सांगतो. ही हकीकत ऐकीव आहे, हें ध्यानांत ठेवावें. परंतु राजा बदलला, हें खरें.

या सूडाचें समर्थन कोणी करणार नाहीं. पण तो शब्दही विसरतां येत नाहीं. जहांगीर बादशहाही आपल्या आत्मवृत्तांत अंबराचें नांव त्याच्या काळ्या रंगाच्या शिवीवांचून क्वचितच घेतो. त्यानें अंबराच्या मस्तकावर आपण बाण सोडीत आहों, असें चित्र काढविलें. प्रत्यक्षांत मात्र १६२६ सालीं अंबर मरेपर्यंत मोगलांना दक्षिण निर्वेध मिळाली नाहीं.

आपण मात्र बादशहास हंसूं नये. आपलें मूल जिच्या कडेवर विश्वासानें देतों, त्या बाईचा चहाचा पेला आजही कित्येक घरांत निराळा असतो. एरवीं आपण तिला घरचीच म्हणतों. पण एखादी वस्तू हरवली म्हणजे प्रथम आपली नजर कोणाकडे वळते, हें ज्याचें त्यानें पाहावें.