उजव्या हाताचें मोल

गोंदिया 1999 सालीं भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला. तेथील भातगिरणींत मजुराचा हात पट्ट्यांत सांपडला, तर पूर्वीं काय होई? मृत्यु ओढवल्यास 1855 च्या कायद्यान्वयें वारसांना मालकाचा दोष कोर्टांत शाबीत करावा लागे. 1 जुलै 1924 पासून कामगार नुकसानभरपाई कायदा अमलांत आला आणि यंत्रांच्या कारखान्यांत व रेल्वेंत ही अट सुटली. दुखापत काम करतांना, कामामुळें झाली, एवढें पुरे. त्याचें परिशिष्ट मोठें विलक्षण! उजवा हात कोपरापासून गेल्यास कमाईच्या शक्तीची हानि शेंकडा 70, डावा गेल्यास 60, एक डोळा 30, आंगठा 25. डावखुऱ्या मजुराची आठवण मात्र कोणास झाली नाहीं. मृत्यूची रक्कम मालकानें वारसाच्या हातीं न देतां आयुक्ताकडे भरावयाची असे. निरक्षर विधवेचा आंगठा उमटवून प्रकरण थोडक्यांत मिटविणें फार सोपें होतें.