कार्नेशन क्रांती

कार्नेशन क्रांती म्हणजे २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालमध्ये झालेला लष्करी उठाव होय. त्यामुळे १९३३ पासूनची ‘एस्तादो नोवो’ ही हुकूमशाही राजवट संपुष्टात आली. लष्करी उठाव लोकशाहीवादी असू शकतो काय, या वादात हे उदाहरण आवर्जून दिले जाते. गोव्याच्या इतिहासाशीही या घटनेचा निकटचा संबंध आहे.

पार्श्वभूमी

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा अखेरपर्यंत लढण्याचा आदेश पंतप्रधान सालाझार यांनी दिला होता. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो न जुमानता १९ डिसेंबर रोजी शरणागती पत्करली आणि मोठी प्राणहानी टाळली. त्याबद्दल त्यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. पुढे अंगोला, गिनी व मोझांबिक येथील दीर्घ युद्धांनी अधिकाऱ्यांतील असंतोष वाढला. उठावाची आखणी मुख्यतः कनिष्ठ अधिकाऱ्यांनी केली. त्यांची प्रारंभीची तक्रार बढतीच्या नियमांविषयी होती, लोकशाहीची मागणी मागाहून आली.

उठाव एका दिवसात यशस्वी झाला. नागरिकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोवली, त्यावरून हे नाव पडले. गुप्त पोलिसांच्या गोळीबारात चार जण मृत्युमुखी पडले.

लोकशाहीचा निकष

उठावाला जनतेचा कौल नव्हता. मात्र वर्षभरात निवडणूक घेण्याचे वचन पाळले गेले. २५ एप्रिल १९७५ रोजी नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी मतदान केले. सत्तेतील काही अधिकाऱ्यांनी कोऱ्या मतपत्रिका टाकण्याचे सुचवले होते, पण बहुसंख्य मतदारांनी ते मानले नाही. राज्यघटना १९७६ मध्ये आली, तरी लष्करी ‘क्रांती परिषद’ १९८२ पर्यंत कायदे रोखू शकत होती. म्हणून ‘लोकशाहीवादी’ हे विशेषण या उठावास निर्विवादपणे लावता येत नाही, आणि लावले तरी ते उत्तरकालीन घटनांच्या बळावरच. तुर्कस्तानातही १९६० च्या उठावानंतर ऑक्टोबर १९६१ मध्ये निवडणूक झाली, पण त्याआधी पदच्युत लोकनियुक्त पंतप्रधान मेंदेरेस यांना फाशी देण्यात आली होती.

गोव्याला मान्यता

३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्ली येथे पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. करारावर पोर्तुगालतर्फे मारिओ सोआरेस आणि भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण (कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे पदवीधर) यांनी स्वाक्षऱ्या केल्या. वासालो इ सिल्वा यांना त्याच वर्षी सैन्यात पुन्हा मानाचे स्थान मिळाले. करार करणारे पोर्तुगालचे सरकार तेव्हा हंगामी होते, निवडून आलेले नव्हते. गोव्यातील मतदारांनी मात्र तोवर १९६३, १९६७ आणि १९७२ अशा तीन विधानसभा निवडणुकांत मतदान केले होते.