‘तगाफुल’ शब्दाचा अर्थ

फार्सी कागदांचें मराठी भाषांतर करतांना ‘गफलत’ व ‘तगाफुल’ हे शब्द एकाच अर्थीं घेतले जाण्याचा संभव असतो. दोहोंचा अरबी धातु गैन-फे-लाम हा एकच. आपला ‘गाफील’ही त्यांतूनच आला. तथापि अर्थांत महदंतर आहे. ‘गफलत’ म्हणजे नकळत झालेली हयगय. ‘तगाफुल’ म्हणजे जाणूनबुजून घेतलेलें बेसावधपणाचें सोंग. ‘जहल’ म्हणजे अज्ञान, ‘तजाहुल’ म्हणजे ठाऊक असून अज्ञान दाखविणें. ‘मर्ज’ म्हणजे रोग, ‘तमारुज’ म्हणजे आजाराचें ढोंग. त्याच घडणीचा हा शब्द होय. मराठींत त्यास ‘कानाडोळा’ हा प्रतिशब्द नेमका लागू पडतो.

गझलेंत प्रियेच्या तगाफुलाबद्दल तक्रार असते. तेथें अर्थ चुकल्यास रसहानि होते, इतकेंच. राजकीय पत्रांत मात्र अपराधच बदलतो. गफलत करणारा अंमलदार आळशी ठरेल. तगाफुल करणारा शत्रूस सामील असल्याचा संशय येईल. एका शब्दाच्या भाषांतरानें निरपराध्यास दोष लागतो, किंवा दोषी सुटतो.

शिकस्ता लिपींत नुक्ते बहुधा गाळलेले असतात. म्हणून संग्राहकांनीं अक्षरांचा क्रम पाहावा. ‘गफलत’मध्यें ‘ते’ अखेरीस असून अलिफ नसतो. ‘गाफील’ व ‘तगाफुल’ यांत मात्र लेखनभेद आरंभींच्या ‘ते’पुरताच, नुक्ते नसल्यास त्याचा केवळ एक बारीक दांता उरतो. निकाल त्या दांत्यावर अवलंबून असल्यानें मूळ कागद पाहिल्यावांचून नकलेवर विसंबूं नये.