दवंडी आणि लिलाव

‘लिलाव’ हा शब्द मराठीला पोर्तुगीजांकडून मिळाला, आणि पोर्तुगीजांनी तो अरबांपासून उचलला. अरबी मुळात त्याचा अर्थ जाहीर करणे, कळविणे असा आहे. बोलीचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. प्राचीन रोममध्ये जाहीर विक्रीच्या जागी भाला रोवीत. तो दिसला, की येथे काही विकावयाचे आहे, हे नागरिकांना समजे. लिलावाचा प्राण असा पुकाऱ्यात आहे. तो पुकारा किती जणांच्या कानी पडला, यावरच विकणाऱ्याच्या पदरात काय पडावयाचे ते ठरते.

छत्तीसगडाचा जुना अनुभव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. रतनपुरास राहून कारभार पाहणारे बिंबाजी भोसले १७८७ साली वारले. मुलूख व्यंकोजी भोसल्यांकडे आला. परंतु त्यांचे चित्त नागपूरच्या दरबारात गुंतलेले. छत्तीसगड सुभेदारांच्या हाती गेले, आणि सुभा मक्त्याने दिला जाऊ लागला. जो अधिक भरणा कबूल करी, त्याला सुभा मिळे. कबूल केलेली रक्कम अर्थातच रयतेकडून वसूल होई. एका अख्ख्या प्रांताचीच ही बोली! ती नागपुरास ठरे आणि रायपूर-रतनपूरच्या शेतकऱ्याला नवा अंमलदार दारात उभा राहिल्यावर कळे. पुढे तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निवर्तले आणि १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केले. तेव्हा भोसल्यांचे हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीवर विक्रीस आले. ते मातीमोलाने गेले.

घरादाराच्या लिलावाची खरी धग मात्र पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील कुणब्यांनी सोसली. इंग्रजी अमलात दिवाणी न्यायालये आली, आणि सावकाराचे कागद हुकूमनाम्यात बदलू लागले. समन्स वाचता न येणारा ऋणको न्यायालयात जातच नसे. दावा एकतर्फी निकाली निघे. विक्रीचा कागद तालुक्याच्या गावी लागे, कुणबी नांगरामागे असे, आणि बोली लावणारा पुष्कळदा सावकार स्वतःच असे. समोर दुसरा ग्राहक नसला म्हणजे किंमत कोण वाढविणार? शिरूर तालुक्यातील करडे येथे डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम या सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळविला आणि त्यांचे घर पाडावयास घेतले. गाव खवळले. सावकारांवर बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला, आणि लोकांनी खतेवह्यांचा जाळ केला. त्यांनी माणसांपेक्षा कागदांवर राग काढला, ही गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते.

सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने असे ठरविले, की शेतकऱ्याची जी जमीन खास गहाण दिलेली नाही, ती नुसत्या पैशाच्या हुकूमनाम्यापायी विकता येऊ नये. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या एकविसाव्या आदेशात हुकूमनामा मिळविणाऱ्याने न्यायालयाच्या परवानगीवाचून बोली लावू नये, असा नियम आहे. शिवाय मिळकतीपाशी डफ वाजवून किंवा तेथील रिवाजाप्रमाणे पुकारा करावा. जाहीरनामा मिळकतीवर, न्यायालयात आणि शेतसाऱ्याची जमीन असल्यास कलेक्टर कचेरीत लावावा. मिळकतीवरील बोजा त्यात नमूद करावा. विक्रीनंतरही साठ दिवसांच्या आत जाहीरनाम्यातील देणे आणि खरेदीदारास किमतीचे शेकडा पाच भरले, तर मालकाला विक्री रद्द करून मागता येते. या कलमांच्या मागे करड्यासारख्या गावांचा अनुभव उभा आहे, हे वकिलांनाही क्वचितच आठवते.

आता पुन्हा रायपूर. २००० साली छत्तीसगड राज्य झाले, आणि जुन्या शहराच्या आग्नेयेस नवा रायपूर वसविण्यात आले. २०१८ मध्ये त्याला अटल नगर हे नाव जोडले गेले. दवंडीला तिकडे मुनादी म्हणतात, आणि खेड्यात गावचा कोटवार ती देतो. परंतु नव्या राजधानीच्या रुंद रस्त्यांवर अन् बंद खिडक्यांच्या इमारतींत मुनादी ऐकणार कोण? बँकांच्या थकलेल्या कर्जांसाठी २००२ साली वेगळा कायदा झाला. त्याखालील नियमांप्रमाणे मिळकतीच्या जाहीर लिलावाची सूचना दोन वृत्तपत्रांत द्यावी लागते, आणि त्यांतील एक स्थानिक भाषेचे असावे लागते. नव्या रायपुरात ती भाषा अर्थातच हिंदी. तात्यापाऱ्यातील मराठी कुटुंबालाही ‘लिलाव’ शोधताना ‘नीलामी’ हाच मथळा पाहावा लागतो. २०१९ पासून सरकारी बँकांच्या लिलावांसाठी ‘ई-बिक्रय’ हे संकेतस्थळ होते. २०२५ च्या जानेवारीत त्याची जागा ‘बँकनेट’ने घेतली. गावातल्या चार कानांपुरता असलेला पुकारा त्यामुळे देशभर पोहोचतो, आणि सावकाराला एकट्याने बोली लावण्याची सोय उरत नाही, हा लाभ लहान नव्हे.

पण पुकाऱ्याचा दुसरा परिणामही आहे. बँकांच्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, सगळे देणे फेडून मिळकत सोडविण्याची संधी कर्जदाराला लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वीपर्यंतच राहते. ज्या दिवशी घर शोधणाऱ्याला ती सूचना सापडते, त्या दिवशी घर असणाऱ्याची मुदत संपलेली असते. खरेदीदाराला बोली मंजूर झाल्यावर त्याच दिवशी, अथवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी, पंचवीस टक्के भरावे लागतात. सूचनेत किमान किंमत, अनामत रक्कम, पाहणीचा दिवस हे सारे छापलेले असते. ‘ताबा : प्रतीकात्मक’ एवढेच तेथे लिहिले असेल, तर दारावर बँकेचा कागद लागला आहे, पण आत बहुधा अजून कोणी राहत आहे, असे समजावे. तो ताबा प्रत्यक्षात घेण्यासाठी बँकेला जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तोपर्यंत पाहणीच्या दिवशी जाणाऱ्या ग्राहकाला दार उघडून देणारा माणूस बहुधा जुना मालकच असतो.