चिप पुसायची सोय कोणाकडे होती?

मंडळी, खामगाव-मेहकरकडचा एखादा पोरगा घरीच छोटी सीएनसी बनवायला घेतो, तेव्हा पहिला प्रश्न हाच: कुठला मायक्रोकंट्रोलर घेऊ? आणि तो वेगाचे आकडे बघत बसतो. इतिहास बघा, हौशी माणसाची निवड वेगावरून फारशी झालेली नाही. चूक दुरुस्त करायला किती वेळ आणि किती पैसे लागतात, यावरून ती झाली.

इंटेलची ८०५१ चिप १९८० ची. शेगावचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ चं; म्हणजे दोघं जवळपास एका वयाची! चिपमध्ये प्रोग्रामला ४ केबी जागा, रॅम १२८ बाइट. आज हसू येतं. पण ही चिप यंत्रं चालवायलाच घडवलेली होती, रिले चालू-बंद करायला एकेक बिट थेट हाताळता यायचा. अडचण वेगळीच होती. पुन्हा लिहिता येणाऱ्या ८७५१ ला वर काचेची खिडकी असायची. प्रोग्राम चुकला की चिप सॉकेटमधून उपसा, अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग प्रोग्रामरवर चढवून परत लिहा. हा दिवा आणि तो प्रोग्रामर कुठे? प्रयोगशाळेच्या कपाटात, कुलपात. बाहेरच्या वर्कशॉपवाल्याने शिकावं कसं? दिवसाला पन्नास चुका केल्याशिवाय मोटर नीट फिरत नाही हो.

१९९३ मध्ये पिक १६सी८४ आली, विजेनेच पुसली जाणारी. खिडकी गेली. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआत आर्डुइनो जन्मलं, आणि वेगळ्या प्रोग्रामरची गरजही संपली; चिपमधला बूटलोडर केबलवरून आलेला प्रोग्राम स्वतःच लिहून घेतो. माझ्या मते खरी क्रांती ही. २००९ मध्ये ग्रबल नावाचा मोफत प्रोग्राम आला. उनो बोर्डावरची चिप म्हणजे १६ मेगाहर्ट्झ आणि २ केबी रॅम, पण त्यावर ग्रबल स्टेपर मोटरला सेकंदाला ३०,००० पल्स देतो.

तुम्ही म्हणाल, ईएसपी३२ कितीतरी वेगवान आहे. आहेच, वायफायही आहे. पण ती ३.३ व्होल्टची, ५ व्होल्टचा सेन्सर थेट जोडलात तर पिन जायची भीती. तीन अक्षांच्या पहिल्या यंत्राला मी अजूनही उनोच सांगेन. आणि इमर्जन्सी स्टॉपचं बटण कुठल्याच चिपच्या भरवशावर ठेवू नका, ते सरळ कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वायरीत घ्या.