विश्वाच्या वयाचं भांडण

विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात फिरून आलेलं पोरगंही हा आकडा सांगेल. पण राजेहो, या आकड्यामागे मोठं भांडण आहे, अन् त्यात आपला माणूस हरणाऱ्या बाजूला होता.

हबलनं १९२९ मध्ये दाखवलं की दीर्घिका एकमेकींपासून दूर पळताहेत. त्याच्या मापांवरून मागे मोजत गेलं तर विश्व जेमतेम २०० कोटी वर्षांचं निघे. पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने! म्हणजे बापापेक्षा लेक मोठा. म्हणून १९४८ मध्ये हॉईल, बाँडी आणि गोल्ड म्हणाले, विश्वाला वयच नाही. ते पसरतं, मधल्या जागेत नवं द्रव्य तयार होतं आणि चित्र कायम तेच राहतं. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला याच हॉईलचे विद्यार्थी. (त्यांच्या आत्मचरित्रातल्या चार नगरांत आमचं नागपूर नाही. असो.)

१९६५ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी पेन्झियस आणि विल्सन यांनी आकाशाच्या सगळ्या दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर केला. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी सुटलेला हा प्रकाश. त्याआधीचं विश्व दाट धुक्यासारखं. प्रकाश टिपणारी कितीही मोठी दुर्बीण आणा, त्यापलीकडचं दिसत नाही. तिथून पुढे फक्त हिशेब.

मला मात्र उटीची गोष्ट जास्त भावते. टीआयएफआरच्या गोविंद स्वरूप यांनी तिथल्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभारली. रेडिओस्रोताच्या आड चंद्र आला की सिग्नल कसा मावळतो, त्यावरून स्रोताचा आकार काढायचा. स्वरूप आणि विजय कपाही यांचे निष्कर्ष १९७५ मध्ये छापून आले: दूरचे, म्हणजे जुन्या काळातले स्रोत जवळच्यांसारखे नाहीत. विश्व बदलत आलंय. आणि नारळीकर तेव्हा त्याच टीआयएफआरमध्ये होते! आमच्याकडे साहेबाच्या आकड्यावर बोट ठेवलं की आधी 'तू कोणाचा?' हे विचारतात. इथे पुढे नारळीकरांची आयुका आणि स्वरूपांचं रेडिओ केंद्र पुणे विद्यापीठाच्या एकाच आवारात शेजारी शेजारी उभं राहिलं.

नारळीकरांनी बाजू सोडली नाही. १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासोबत त्यांनी सिद्धांताची सुधारलेली आवृत्ती मांडली. बहुतेकांनी ती मानली नाही. २० मे २०२५ ला ते पुण्यात गेले. विश्व किती वेगानं पसरतंय, यावर मात्र अजून एकमत नाही. त्या जुन्या सूक्ष्मलहरींवरून आकडा ६७ च्या आसपास येतो, ताऱ्यांची अंतरं मोजून ७३ च्या.